खुर्च्यांची अदलाबदल

बाईंनी नखानं कोपरा सोडवला आणि बेडूक उचकटून काढला. मग मासा, मग घड्याळ, मग विमान. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पाठी एकामागून एक मोकळ्या झाल्या आणि बाईंच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, स्टिकरांची जत्रा भरली.

हॉलमध्ये अजून कोणी आलं नव्हतं. मागे पालकांच्या खुर्च्या, पुढे मुलांच्या दोन रांगा, समोर फळा. फळ्याशेजारी सोनेरीचा उभा फोटो लावलेला होता. दोन्ही हात पसरून तो असा हसत होता, की जणू इंग्रजी भाषा याच्याच घरी जन्मली आणि यानंच तिला बोट धरून चालायला शिकवलं. सोनेरी हे नाव बाईंनी ठेवलेलं, मनातल्या मनात. केस सोनेरी, कातडी गोरी, तेवढ्यावर पालकांचं समाधान व्हायचं. त्याची मायबोली इंग्रजी नव्हतीच, भलतीच कुठलीतरी होती, पण ते विचारतो कोण.

इंग्रजीच्या या क्लासची रीत ठरलेली होती. सत्रभर शिकवायचं बाईंनी आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर उभं राहायचं सोनेरीनं. प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न आणि त्याचं एक उत्तर पक्कं करून घ्यायचं. मुलं आपापलं चित्र चिकटवलेली खुर्ची शोधून बसत आणि सोनेरी रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत त्याच क्रमानं प्रश्न विचारत जाई. क्रम तेवढा त्याला पाठ असे. मुलं घडाघडा बोलत, पालक टाळ्या वाजवत आणि पुढच्या सत्राचं नाव तिथल्या तिथे नोंदवून जात. बाई दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या असत. गेल्या खेपेला एका आजोबांनी रिकामा पेला त्यांच्या हातात दिला होता आणि अजून एक आण, अशी बोटानं खूण केली होती. बाईंनी आणून दिला होता. पण तो पेला त्या विसरल्या नव्हत्या. विसरणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. लहानपणी ताईनं त्यांची बाहुली पाण्यात बुडवली होती, त्याचं उट्टं त्यांनी ताईच्या लग्नात काढलं होतं.

आज दोन ठिकाणी उत्तर द्यायचं होतं. इथे क्लासच्या मालकांना सांगायचं होतं, पुढच्या सत्राला आहे की नाही. आणि तिकडे घरी. ज्या शाळेत बाईंनी उमेदीची वर्षं घातली, तिथे मुख्याध्यापिकेची जागा त्यांच्या हक्काची होती. संस्थेच्या अध्यक्षांनी ती आपल्या सुनेला दिली. बाई भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मिळाली ती परदेशातली नोकरी धरली आणि इकडे निघून आल्या. आता सून कंटाळून शाळा सोडून गेली होती, चांगल्या शिक्षिका एकेक करून पांगल्या होत्या, आणि अध्यक्ष नाक मुठीत धरून ताईच्या घरी चकरा मारत होते.

"आज परत येतायत," ताई सकाळी फोनवर म्हणाली होती. "आज नाही कळवलं तर दुसरी बाई नेमणार. काय सांगू?"

"बसू दे जरा."

"बसू दे काय. चहा मला करावा लागतो त्यांना."

"बिनसाखरेचा कर."

तसं बाईंचं ठरल्यातच जमा होतं. जायचं. पण गुपचूप पिशवी उचलून निघून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. एकदा या आयत्या बिळावरच्या नागोबाला भर सभेत तोंडघशी पडलेलं बघायचं, पालकांनी एकमेकांकडे बघितलेलं बघायचं, मालकांच्या कपाळावरचा घाम बघायचा, आणि मग जायचं. सोनेरीला मुलांचे चेहरे ओळखीचे नव्हते. चित्रं हलवली की मुलं हलणार आणि बेडकाचा प्रश्न घड्याळाला जाणार. एवढं सोपं होतं सगळं.

त्यांनी बेडकाच्या जागी घड्याळ लावलं, घड्याळाच्या जागी किल्ली, विमान उचलून मागच्या रांगेत टाकलं. हात भराभर चालत होता. ओठ घट्ट मिटलेले होते.

छत्री मात्र त्यांनी बाजूला ठेवली होती. छत्री म्हणजे दुसऱ्या रांगेतली बारीक मुलगी. सगळं सत्र तिच्या तोंडून शब्द फुटायला गेलं होतं. एकच वाक्य तिला येत होतं. तू शाळेत कशी येतेस, तर मी आईबरोबर चालत येते. तिची आई एका लाँड्रीत इस्त्री करायची. इंग्रजीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, पण मुलीकडून करून घेता घेता ते एक वाक्य आईच्याही तोंडात बसलं होतं. क्लास सुटायच्या वेळी दाराबाहेर उभी राहून ती ओठ हलवत पुटपुटायची, आणि बाईंना बघितलं की लाजायची. छत्रीला तिच्या जागेवरून हलवायचं नाही, हे बाईंनी आधीच ठरवलं होतं.

"झालं का बाई?"

मालक दारात उभे होते. हातात फुलांचा गुच्छ होता. तो कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

"होतंच आलंय."

"लोक जमलेत खाली. सोडू का वर?"

"एकच मिनिट."

मालक गेले नाहीत. गुच्छ टेबलावर ठेवून तिथेच फुलं सारखी करत बसले. बाईंच्या हातावर एकच स्टिकर उरला होता, छत्रीचा. तिच्या खुर्चीवर घाईघाईत मासा चिकटवला गेला होता. मासा काढायचा, छत्री लावायची, मासा पलीकडे न्यायचा, एवढंच काम. पण मालकांच्या देखत चिकटवलेलं काढायचं म्हणजे त्यांनी विचारलं असतं, हे काय चाललंय. बाईंनी छत्री उरलेल्या रिकाम्या खुर्चीवर दाबून बसवली आणि वरून अंगठा फिरवला. एवढ्या गोंधळात एकीचं काय होतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मुलं आली. चित्रं शोधत इकडून तिकडे पळाली, थोडी ढकलाढकली झाली आणि बसली. दोघातिघांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाईंनी ट्रेमधले पेले सारखे केले.

सोनेरी आला, टाळ्या पडल्या. तो पहिल्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि त्यानं बेडकाचा प्रश्न घड्याळाला विचारला.

"तुझा आवडता रंग कोणता?"

घड्याळाच्या पापण्या दोनदा लवल्या.

"हिरवा. कारण आमच्या घराचं दार हिरवं आहे."

उत्तर बेडकाचं होतं, दारही बेडकाच्याच घराचं. पण शब्द अन् शब्द बरोबर होता. पालकांनी टाळ्या वाजवल्या. सोनेरी पुढे सरकला. किल्लीनं घड्याळाच्या आजीची गोष्ट आपली म्हणून सांगितली. बेडूक विमानाचा प्रश्न खाऊन मोकळा झाला. एकुलत्या एका मुलानं आपल्याला दोन बहिणी असल्याचं छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा मागे बसलेल्या त्याच्या आईनं चमकून शेजारी वडिलांकडे पाहिलं. तेवढीच काय ती गडबड.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागवायचं कुणावर? एकाचं उत्तर सगळ्या वर्गाकडून घोकून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उरलेले वर्ग बघा, पोरं आपलं वाक्य सोडून दुसऱ्याचं ऐकतही नव्हती. बाईंच्या वर्गाला सगळ्यांचं सगळं पाठ होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या ट्रे धरून उभ्या राहिल्या आणि पुढे सोनेरी टाळ्या गोळा करत चालला.

दुसरी रांग सुरू झाली.

"तू शाळेत कशी येतेस?"

छत्रीच्या जागी मासा बसला होता. तो उठून खणखणीत आवाजात छत्रीचंच वाक्य बोलला, "मी आईबरोबर चालत येते."

मागून तिसऱ्या ओळीत एका बाईचे ओठ त्याच्याबरोबर हलले. ते वाक्य ओळखीचं आहे हे तिला कळलं, ती हसायलाही लागली, आणि मग आवाज आपल्या मुलीचा नाही हे लक्षात आलं. ती मान उंच करून मुलीला शोधू लागली. बाईंनी नजर ट्रेकडे वळवली.

सोनेरी रांगेच्या टोकाला पोचला. तिथे छत्री बसली होती. तो तिच्यापुढे वाकला आणि गोड आवाजात त्यानं विचारलं, "मोठी झाल्यावर तू कोण होणार?"

छत्री उठून उभी राहिली. तिनं फ्रॉकची बाजू मुठीत धरली. हॉल वाट बघत होता. सोनेरीनं मान हलवून तिला धीर दिला, प्रश्न पुन्हा विचारला. तिला जे येत होतं ते तिनं म्हटलं.

"मी आईबरोबर चालत येते."

ज्यांना इंग्रजी कळत होतं ते हसले. वाईट हेतूनं नाही, लहान मुलांना हसतात तसे. ज्यांना कळत नव्हतं ते बाकीचे हसले म्हणून हसले. तिची आईही हसली. मग तिला मुलीचा चेहरा दिसला आणि ती हसायची थांबली. सोनेरीनं छत्रीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "आईबरोबर गेलं की कुठेही पोचता येतं," आणि त्यालाही टाळ्या मिळाल्या.

छत्री खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिनं वर बघितलंच नाही.

नंतर फोटो झाले, गुच्छ झाला, हॉल पांगू लागला. बाई पेले गोळा करत होत्या. मनात नुसती चिडचिड होती. ज्याला लागायला हवं त्याला काही लागलं नव्हतं, आणि जिला लागायला नको होतं तिचं मनगट धरून तिची आई समोरून येत होती. मुलगी मागे ओढ घेत होती. आई बाईंसमोर उभी राहिली आणि भडाभडा बोलू लागली. बाईंना तिथली भाषा बाजारापुरती येत होती, एवढं भराभर बोललेलं कळण्याइतकी नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ एकच माणूस होता ज्याला ती भाषाही येत होती आणि इंग्रजीही. तो गुच्छ बगलेत मारून आला.

"काय म्हणतात?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"माफी मागतायत तुमची," सोनेरी म्हणाला. "म्हणतात, घरी रोज करून घेतलं होतं, तरी पोरीनं तुम्हाला मान खाली घालायला लावली. बाईंनी एवढी मेहनत घेतली आणि ही अशी. घरी गेल्यावर बघते म्हणतायत."

छत्री बाईंकडे बघत होती. रोज सकाळी स्टिकर कोण लावतं, हे तिला माहीत होतं. सगळ्याच पोरांना माहीत होतं. तिनं काही सांगितलं नव्हतं.

बाईंनी ट्रे खाली ठेवला. सांगायचं तर याच्या तोंडून सांगावं लागणार होतं. ज्याची फजिती करायची, त्यालाच वकील करायचं. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये, आणि आली होती ती वैऱ्यासमोरच.

"त्यांना सांगा, मुलीची काही चूक नाही," बाई म्हणाल्या. "खुर्च्या मी बदलल्या. मुद्दाम बदलल्या. पालकांसमोर तुमची फजिती व्हावी म्हणून. जसंच्या तसं सांगा."

सोनेरीचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं बाईंकडे पाहिलं, रांगांकडे पाहिलं, परत बाईंकडे पाहिलं.

"बदलल्या होत्या?"

"होय."

"सगळ्या?"

"सगळ्या. सांगा त्यांना."

तो त्या आईकडे वळला आणि बोलू लागला. बराच वेळ बोलला. मध्ये छातीवर हात ठेवला, मध्ये खुर्च्यांकडे बोट केलं, कपाळावर हात मारून घेतला. आईच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल पडला. तिनं मुलीचं मनगट सोडलं आणि तिचे केस कानामागे केले. मग चक्क हातातल्या पिशवीनं सोनेरीच्या दंडावर एक हलकी चापट दिली, ओळखीच्या माणसाला देतात तशी. तो हसला. तीही हसली. जाताना तिनं बाईंना मान लववली आणि मायलेकी हात धरून निघून गेल्या.

"काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"स्टिकरांचा क्रम मी विसरलो, बाईंना चुकीचा दिला, असं सांगितलं."

"मी तुम्हाला असं सांगायला सांगितलं होतं?"

"तुम्हाला मालकांनी आजच्या आज काढलं असतं. मला कोण काढतंय?" त्यानं खांदे उडवले. आवाजात कुठेही मोठेपणा नव्हता, आणि बाईंना तेच सहन होईना. "शिवाय, खरं सांगू? मला कळलंच नाही. मी तुमच्या पोरांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं."

बाईंना काहीतरी जहरी बोलायचं होतं. आयुष्यभर त्यांना अशा वेळी शब्द कमी पडले नव्हते. आज त्यांनी ट्रे उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तास त्यानं घेतला होता, फोटो त्यानं घेतला, टाळ्या, गुच्छ, सगळं घेतलं होतं. उरली होती बाईंची स्वतःची, हातानं केलेली एक चूक. तीही तो घेऊन गेला होता, आणि वर चांगला ठरला होता.

मालक लगबगीनं आले. छत्रीच्या आईनं जिन्यात त्यांना गाठून सगळं सांगितलं होतं आणि मालक खूश होते. बायकांना असा विसरभोळा माणूस फार आवडतो, ते म्हणाले. दोन पालकांनी तर याच्यासाठीच पुढच्या सत्राचं नाव नोंदवलं. त्यांनी सोनेरीच्या पाठीवर थाप मारली आणि बाईंकडे वळले.

"पुढच्या वेळी स्टिकरांचा क्रम तुम्हीच ठरवा. याच्यावर सोडू नका."

"बरं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आहात ना पुढच्या सत्राला? आज सांगणार होतात."

"सांगते. घरी एक फोन करते आणि सांगते."

शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. बाईंनी दार लावून घेतलं आणि ताईला फोन लावला. पहिल्याच घंटीला ताईनं उचलला. आवाज दबका होता.

"बरं झालं केलास. बसलेत बाहेर. सुनेला जागा देऊन चुकलो म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले. आमच्या ह्यांच्यादेखत. म्हणाले, बाईंनी मोठ्या मनानं यावं. ऐकतेस ना?"

बाईंनी डोळे मिटले. हे वाक्य ऐकायला त्या कितीतरी वर्षं परक्या मुलखात परक्या पोरांची तोंडं उघडत बसल्या होत्या. अध्यक्ष कसे बसले असतील, गुडघ्यावर हात, मान खाली, हे त्यांना दिसत होतं. भिंतीपलीकडे मालक आणि सोनेरी कशालातरी मोठ्यानं हसले.

"ऐकतेय."

"मग काय सांगू? कधीची निघतेस?"

"त्यांना सांग, येत नाही."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"वेड लागलंय का तुला? याच्यासाठी तर जीव टाकत होतीस. ते दुसरी नेमतील अगं. परत नाही मिळायची ही जागा."

"माहीत आहे."

"मग तिथे काय ठेवलंय? काल तर म्हणालीस, एक दिवस राहायची नाही."

"इथे एका माणसानं माझ्यावर उपकार केलेत ताई," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते फेडल्याशिवाय कशी येऊ?"

ताई धाकट्या बहिणीला जन्मापासून ओळखत होती.

"कोण गं तो बिचारा?" तिनं विचारलं.